नळाच्या गाण्याची शेवटची ओळ

चेंबूर, मुंबई
४ सप्टेंबर २०२४

ती. काकूंना श्रीलक्ष्मीचा नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. बाबा म्हणाले, वहिनी फोन उचलत नाही, आणि उचलला तरी ‘बरं आहे’च्या पुढे जात नाही. म्हणून कागद घेतला.

घर रंगवायला काढलं तेव्हा बाबांच्या जुन्या पेटीत एक वही आणि एक कॅसेट सापडली. वहीत तुमच्या अक्षरात पाच गाणी आहेत, स्वरलिपीसकट. सगळी तुम्ही आणि मोठे काका माटुंग्याला होतात त्या वर्षांतली. राग आपले, ताल आपले, कर्नाटक संगीतातले, शब्द मराठी, आणि विषय काय, तर पहाटे नळाला येणारं पाणी, गिरणीचा भोंगा, पिंजाऱ्याची तार, बोहारणीची हाक, गच्चीवरचा वारा. मी पंचवीस वर्षं गाते आहे. देवाची गाणी गाते, राजांची गाते, न पाहिलेल्या नद्यांची गाते. ज्या शहरात मी जन्मले आणि रोज धापा टाकते, त्याचं गाणं आपल्या संगीतात असू शकतं हे मला माहीतच नव्हतं. मोठे काका सभांमधून गात असत हे ऐकून होते. पण ते असं काही रचत असत हे बाबांनी कधी सांगितलं नाही.

काकू, मला दुपारी तीनच्या कार्यक्रमांचा कंटाळा आला आहे. समोर वीस माणसं, त्यातली पाच झोपलेली. यंदा पहिल्यांदा संध्याकाळची वेळ मिळते आहे, १८ जानेवारीला, आणि मला काकांची ही पाच गाणी गायची आहेत. त्यांच्या नावाने. तुमची परवानगी हवी.

तुमची
श्रीलक्ष्मी

कुंभकोणम्
१६ सप्टेंबर २०२४

चि. श्रीलक्ष्मी, आशीर्वाद आहेतच.

पत्र पोचलं. फोन करू नकोस हे चांगलंच. फोनवर मी सगळ्याला हो म्हणते आणि मग पस्तावते. कागदावर निदान दोन दिवस विचार करता येतो.

गा. परवानगी कसली मागतेस? गाणी पेटीत ठेवून कोणाचं भलं झालं? तुझे काका जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांच्या नावाने गायलीस तर त्यांना बरंच वाटेल.

माझ्याकडे विचारण्यासारखं फार नाही. मी आता थकले आहे. सकाळी दोन मुली शिकायला येतात, त्यातली पवित्रा पट्टीश्वरम्हून बसने येते. गळा चांगला आहे, पण बारावीचं वर्ष, त्यामुळे जानेवारीपासून तीही बंद. उरलेला वेळ मी दारात बसून बाजारात जाणाऱ्या रिक्षा मोजते. आपल्या गल्लीच्या टोकाला आता भांड्यांचं मोठं दुकान झालं आहे, दिवसभर पितळ आपटत असतात. पूर्वी अशा आवाजाने मला काहीतरी सुचलं असतं. आता फक्त डोकं दुखतं.

तुझ्या बाबांना म्हणावं, सुंदरराव, गुडघ्यांना तेल लावा.

वत्सलाकाकू

चेंबूर, मुंबई
३० सप्टेंबर २०२४

ती. काकू,

परवानगी मिळाली, जीव भांड्यात पडला. आता त्रास देते.

पहिला प्रश्न. नळाचं गाणं बिलहरी रागात आहे, पण ताल सुरू झाल्यावर दीड मात्रा नुसतीच जाते आणि मग शब्द उठतो. माझ्या मृदंगवाल्याला, मुरलीला, हे फार आवडलं. तो म्हणतो यात मोठं गणित आहे. काकांच्या मनात काय होतं? आणि दुसऱ्या ओळीत स्वर पायरीपायरीने चढत जातात, मग एकदम तुटतात. तेही मुद्दाम असणार.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. शेवटच्या ओळीत रचणाऱ्याने आपलं नाव गुंफायचं ही आपल्याकडची रीत. या पाचही गाण्यांत तेवढी जागा तुम्ही वहीत कोरी सोडली आहे. कॅसेटवर तुम्हीच गाता आहात आणि तिथे आलात की शब्द सोडून नुसतं गुणगुणता. मला आधी कळेना. मग एकदम उजेड पडला आणि डोळे भरून आले. आपल्या घरातल्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. माझी आईसुद्धा बाबांना हाक मारायची झाली तर मला हाक मारायची. तुम्ही काकांचं गाणं उतरवून घेतलंत, गायलंत, आणि त्यांच्या नावापाशी येऊन ओठ मिटलेत. आजकाल हे कोणाला सांगून पटेल?

ती जागा मी भरली आहे. सगळीकडे काकांचं ‘विजयराघव’ घातलं. छान बसतं. चालेल ना?

श्रीलक्ष्मी

कुंभकोणम्
१२ ऑक्टोबर २०२४

चि. श्रीलक्ष्मीस आशीर्वाद.

मुरलीला सांग, गणित वगैरे काही नाही. माटुंग्याला पाणी पहाटे चारला यायचं आणि पाऊण तासात जायचं. नळ उघडला की आधी पाणी येत नाही, हवा येते. नळ खोकतो. दीड मात्रा खोकतो आणि मग धार लागते. ज्याने रोज बादली लावली त्याला हे हातांनी ठाऊक असतं. आणि स्वर चढतात ते बादली भरताना आवाज चढतो म्हणून. रिकामी असताना जाड, भरत आली की बारीक. काठाशी आली की दुसरी बादली सरकवायची, म्हणून तिथे तुटतं. पाणी सांडायचं नसेल तर तिथे उगाच आलाप करत बसू नकोस.

भोंग्याचंही सांगते. तो एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचा, मध्ये कुठे उभा राहायचा नाही. तो घसरण्याचा भाग गळ्यात आणायला मला दोन महिने लागले. भाजी चिरता चिरता करायची. तुझ्या काकांना सकाळी साडेसहाशिवाय जाग येत नसे. बँकेत दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, मी त्यांना उठवत नसे.

तिथे मला सुचायचं याचं कारण एकच. त्या आवाजांवर आधी कोणी काही गायलं नव्हतं. इथे कुंभकोणात कुठल्या गोपुराकडे बघावं तर त्यावर कोणीतरी गाऊन गेलेलं. इथे परत आल्यावर मी काही केलं नाही.

नावाचं तू केलंस ते राहू दे. त्यावर लिहायचा आज मला कंटाळा आला आहे.

काकू

चेंबूर, मुंबई
१४ नोव्हेंबर २०२४

ती. काकू,

महिना झाला, उत्तर दिलं नाही. घसा बसला होता, आणि मधे शिकवण्या, आणि आमच्या इमारतीचं खोदकाम. रात्री घरी येते तेव्हा तानपुऱ्याकडे बघूनच थकायला होतं. तरी तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. काकांच्या गाण्यांत तुमचे एवढे कष्ट मिसळलेले आहेत, काय ऐकायचं हे जणू तुम्हीच त्यांना दाखवून देत होतात. हे मी निवेदनात नक्की सांगणार आहे.

कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा सोबत आहे. ‘महानगराचा गायक: विद्वान विजयराघव’ असं नाव ठेवलं आहे. काकांचा एखादा चांगला फोटो पाठवा, शाल पांघरलेला असेल तर उत्तम. आयोजकांना तुमचा सत्कार करायचा आहे, त्यांच्या पत्नी म्हणून. पुढच्या रांगेत खुर्ची, येण्याजाण्याची सोय, सगळं ते बघतील. पत्रिका डिसेंबरच्या अखेरीस छापायला जाईल.

एक सांगायचं राहिलं. काल मी बाबांसमोर नळाचं गाणं शेवटपर्यंत गायले, काकांच्या नावासकट. मला वाटलं भाऊ म्हणून त्यांना भरून येईल. ते उठून बाल्कनीत गेले आणि तासभर आत आले नाहीत. म्हातारपण म्हणायचं, दुसरं काय.

तुम्ही याल ना?

श्रीलक्ष्मी

कुंभकोणम्
३ डिसेंबर २०२४

श्रीलक्ष्मी,

वादळाच्या पावसाने चार दिवस वीज नव्हती. मिक्सर बंद, पंखा बंद, टोकाच्या दुकानातलं पितळही बंद. त्या शांततेत तुझा मसुदा पुन्हा पुन्हा वाचला. फोटो पाठवत नाही. का ते लिहिते. हात दुखतो आहे, तेव्हा फार सजवून लिहिणार नाही.

ती गाणी मी केली. पाचही. शब्द माझे, स्वर माझे.

तुझे काका माझ्यापेक्षा चांगलं गात. त्यांनीच मला ताल शिकवला, ते मी कधी विसरणार नाही. मी पहाटे नळापाशी बसून करायची, त्यांनी संध्याकाळी बँकेतून येऊन ऐकायचं, ‘ठीक आहे’ म्हणायचं आणि गायला उचलायचं. पहिलं गाणं पुरं झालं तेव्हा शेवटच्या ओळीत मी जागा सोडली. नवऱ्याचं नाव घ्यायची लाज म्हणून नव्हे. तिथे माझं नाव हवं होतं, आणि ते मी आपणहून कसं घालणार? मला वाटलं, गाताना ते विचारतील, ‘इथे काय घालायचं? तुझं घालू या?’ म्हणून रिकामं ठेवलं. त्यांनी विचारलं नाही. ते तिथे स्वरच गायले. दुसऱ्या गाण्यातही मी तसंच ठेवलं. पाचव्यापर्यंत वाट पाहिली.

एकदा सभेत गाणं संपल्यावर आपल्यातले व्यंकटेशराव म्हणून एक वयस्क गृहस्थ पुढे आले आणि आपल्या तंजावरी मराठीत विचारते झाले, “हें कोण केलें, राव? तुम्हीच कीं?” मी मागे तानपुऱ्यावर होते. तुझे काका हसले. बस, हसले. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, “मी कोठें काय म्हटलों? मी गप्प होतों.” ते खरंच होतं. ते कधी खोटं बोलले नाहीत. खरं सांगायचंही त्यांच्याकडून राहून गेलं. त्या दिवसापासून मी काही केलं नाही. इकडे येताना ती वही मी विसरले नव्हते, मुद्दाम ठेवून आले.

ते वाईट नव्हते, श्रीलक्ष्मी. मला ताप आला तर रात्रभर उशाशी बसत. म्हणूनच भांडायचं कुठून ते मला कळलं नाही. सप्टेंबरात तुला हो म्हणून टाकलं, वाटलं आता काय उरलं आहे, राहू दे. पण त्यांच्या नावाचं गाणं आणि त्याखाली माझा ‘पत्नी म्हणून’ सत्कार, हे मला सोसणार नाही. तेवढं बळ आता नाही.

तुझी अडचण होणार, मला कळतं. त्याबद्दल वाईट वाटतं.

वत्सला

चेंबूर, मुंबई
१७ डिसेंबर २०२४

ती. काकू,

पत्र वाचलं. कोरी जागा बघून मला बायकोची लाज दिसली आणि मी भारावून गेले. बाईने स्वतःसाठी जागा धरून ठेवली असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी स्वतः बाई, स्वतः गाणारी. नळाचं सगळं तुम्ही उलगडून लिहिलंत तरी मी ‘काकांना दाखवून देत होतात’ असं लिहिलं. ते वाक्य आठवलं की अजून कान तापतात.

मग मी बाबांना विचारलं. ते जेवत होते. मला वाटलं त्यांना धक्का बसेल. बाबा पन्नास वर्षं मुंबईत राहूनही घरात आपली तंजावरचीच बोली बोलतात, तुम्हाला माहीत आहे. म्हणाले, “अवघ्यांस ठाऊक होतें गे. मी त्याच खोलींत निजत होतों. पहाटे वहिनी नळापाशीं बसून गुणगुणे, मी अंथरुणांत पडून ऐकें.” मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, “दादा गायला, लोक दादास म्हटले. मधें मी कोण?” आईलाही ठाऊक होतं. वरलक्ष्मीआत्यालाही. तिने तर एकदा आईला सांगितलं होतं की वत्सलाने या गोष्टीचा बाऊ केला नाही, फार समजूतदार.

आयोजकांना मी कळवलं आहे. ते कुरकुरले, पण पत्रिका बदलायला तयार आहेत. मसुद्यात ‘वत्सला विजयराघव’ घालते. शेवटच्या ओळीत तुमचं नाव कसं बसवायचं ते तुम्ही सांगाल तसं. तुम्ही नाही म्हणालात तर कार्यक्रमच रद्द करेन, मनापासून सांगते.

श्रीलक्ष्मी

कुंभकोणम्
२७ डिसेंबर २०२४

चि. श्रीलक्ष्मी,

रद्द वगैरे करू नकोस. तुला संध्याकाळ मिळायला इतकी वर्षं लागली, ती माझ्यासाठी घालवू नकोस. गा, आणि नीट गा.

तुझं पत्र आलं तेव्हा पवित्रा समोर बसून गाणं म्हणत होती. तिला मी लवकर घरी पाठवलं. मला इतका राग कधी आला नव्हता, काकांवरही नाही. चाळीस वर्षं मला वाटत होतं की ही गोष्ट मी एकटीने झाकून ठेवली आहे. घराची अब्रू, नवऱ्याचं नाव, सगळं मी सांभाळते आहे. आणि तुम्ही सगळे ते बघत होतात. दिवाळीला एकत्र जेवायला बसायचो, तेव्हाही बघत होतात. समजूतदार म्हणे. मी समजूतदार नव्हते, मी वाट बघत होते. एकानेही ‘वहिनी, ते तुमचं आहे ना?’ एवढं विचारलं असतं तर मी आणखी पन्नास गाणी केली असती. आता सुचत नाही ते वयामुळे, असं मी स्वतःलाच सांगत आले. ते खरं नाही.

पत्रिकेत काय छापायचं ते छाप. छापलेलं कोण वाचतं, लोक त्याने वारा घेतात. शेवटच्या ओळीत माझं नाव घालू नकोस. ती जागा तेव्हाच्या वत्सलेने ठेवली होती, मी आता तिच्यात ढवळाढवळ करणार नाही. तिथे स्वर गा.

मी येणार नाही. माझ्याने प्रवास होत नाही, आणि शाली मला दोन आहेत. मला हवं आहे ते एकच. तुझ्या बाबांनी त्या सभागृहात उभं राहून आपल्या तोंडाने सांगावं. तू सांगायचं नाहीस, निवेदकाने सांगायचं नाही. त्यांनी. व्यंकटेशरावांनी विचारलं त्या सभेतही ते पहिल्या रांगेत होते. त्यांना जमणार नसेल तर तसं कळव, मी समजेन. समजायची मला सवय आहे.

वत्सलाकाकू

चेंबूर, मुंबई
२० जानेवारी २०२५

वहिनीस सुंदररावाचा नमस्कार.

मज पत्र लिहायची सवय नाहीं. श्रीलक्ष्मी लिहितें म्हणाली, मी नको म्हटलों. तुम्ही मला बोलायला सांगितलां, तर कळवायचेंही मीच.

शनिवारीं सभागृह भरलें होतें. पोर चांगली गायली. नळाचें गाणें झालें, मग ती माझ्याकडे पाहिली. पंधरा दिवस मी काय बोलायचें तें घोकत होतों. निजायला जाऊं तर तेंच, दाढी करूं तर तेंच. पांच वेळां कागदावर लिहून फाडलों. सकाळीं तर वाटलें, पडलों म्हणून सांगावें, गुडघा आहेच.

उठलों. माईक हातीं दिले. मी म्हटलों, हीं पांचही गाणीं माझी वहिनी वत्सला केली. ती कुंभकोणास आहे, चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. माझा दादा गायला, आणि हें कोण केलें म्हणून लोक विचारले तेव्हां तो गप्प राहिला. मी समोरच होतों, मीही गप्प राहिलों. घरचे अवघे गप्प राहिलों. एवढेंच म्हटलों. जें घोकलें होतें तें राहून गेलें, तुमची क्षमा मागायची होती तीही राहिली. ती येथें मागतों.

कोणी रागावलें नाहीं. दादाचें नांव कोणी काढलें नाहीं. मागें एक बाई उभी राहून टाळ्या वाजवली, मग बाकीचे वाजवले. मग पोर दुसरें गाणें सुरू केली.

मी खालीं बसलों आणि घड्याळ पाहिलों. एक मिनिटही लागलें नव्हतें, वहिनी.

सुंदरराव